नाईक यशवंत घाडगे यांचा माग : माणगाव ते मोन्तोने

निघण्यापूर्वी : माणगाव

रायगड जिल्ह्यातल्या माणगावात तहसील कार्यालयासमोर नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे यांचे स्मारक आहे. दाखल्यांसाठी आणि जमिनीच्या कामांसाठी कचेरीत येणारी माणसे रोज त्याच्यासमोरून जातात. त्यांतल्या बहुतेकांना एवढे ठाऊक असते की हा आपल्याच तालुक्यातला शूर शिपाई होता, तो परदेशात लढताना गेला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले. महाडच्या शाळेत इतिहास शिकवताना मीही वर्षानुवर्षे एवढेच सांगत आले. निवृत्तीनंतर त्या पदकाच्या सन्मानपत्राचा मजकूर नीट वाचला, तेव्हा त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडले. घाडगे यांच्या सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीतले, त्यांच्याखेरीज सगळे जवान मशीनगनच्या माऱ्यात ठार किंवा जखमी झाले होते, असे ते वाक्य आहे. शौर्य गाजवणाऱ्याचे नाव आपण दगडात कोरले, ते योग्यच झाले. पण त्या क्षणापर्यंत त्यांच्या बरोबरीने चाल करून गेलेल्या आणि त्या उतारावर पडलेल्या जवानांचे काय झाले, त्यांची नावे कुठे आहेत, हा प्रश्न मनातून जाईना. इटलीचा हा प्रवास त्या प्रश्नापोटी घडला.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आंद्रेची वाडी इथे झाला. त्या काळी हा मुलूख कोलाबा जिल्ह्यात मोडत असे. पावसाळ्यात भाताची एकच शेती, उरलेले वर्ष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा पलटणीत, हा इथल्या घरांचा जुना शिरस्ता होता. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते, आणि १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांना मरण आले तेव्हा त्यांचे वय २२ होते.

याच जिल्ह्यात, त्याआधी दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १० सप्टेंबर १९४२ रोजी महाडच्या मामलेदार कचेरीवर नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला, त्यावर गोळीबार झाला आणि आंदोलक मारले गेले. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतले तरुण, काही ब्रिटिश सरकारविरुद्ध उभे राहून मेले आणि दुसरा त्याच सरकारच्या सैन्यात लढताना. मुलांनी मला हा प्रश्न वर्गात अनेकदा विचारला आहे : मग खरा वीर कोण? मला या दोन मरणांची तुलना कधीच करावीशी वाटली नाही. शिपाई कोणाच्या झेंड्याखाली होता ही गोष्ट इतिहासाने तपासावीच. पण समोरच्या उतारावर त्याने काय केले, हे त्यामुळे पुसले जात नाही. स्वतंत्र भारताच्या मराठा लाइट इन्फंट्रीने घाडगे यांना आपले मानले, आणि ते योग्यच आहे.

प्रवासासाठी जुलै महिना मी मुद्दाम निवडला. ज्या उन्हात आणि ज्या धुळीत ते लढले ती जमीन त्याच ऋतूत पाहावी, अशी इच्छा होती. जर्मनीत नोकरी करणारा माझा भाचा गाडी घेऊन रोमला आला. तो कामचलाऊ इटालियन बोलतो आणि इतिहासात त्याला गोडी आहे, त्यामुळे माझी मोठी सोय झाली.

सोमवार : कासिनो

रोमहून दक्षिणेला सुमारे १३० किलोमीटरवर कासिनो आहे. महामार्ग सोडला की डाव्या हाताला डोंगर आणि त्याच्या माथ्यावर पांढरा मठ दिसू लागतो. संत बेनेडिक्टने इ.स. ५२९ च्या सुमारास स्थापन केलेला हा मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केला. आज दिसतो तो युद्धानंतर पुन्हा उभारलेला आहे. जानेवारीपासून मेपर्यंत या डोंगराभोवती चार लढाया झाल्या, त्यांत चौथी भारतीय डिव्हिजन फेब्रुवारी आणि मार्चमध्ये लढली, आणि मे महिन्यात आठव्या भारतीय डिव्हिजनने खालची गारी नदी ओलांडली. तिथेच १२ मे रोजी शिपाई कमलराम यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले आणि त्यांतले सहा भारतीय सैन्यातल्या जवानांना मिळाले. कमलराम, यशवंत घाडगे, शेरबहादुर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव ही ती सहा नावे. त्यांतले दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे.

घाडगे कासिनोच्या लढाईत पडले नाहीत. त्यांचे मरण इथून कितीतरी उत्तरेला झाले. तरी त्यांच्या शोधाची सुरुवात इथूनच करावी लागते, कारण त्यांची कबर कुठे आहे हे ज्ञात नाही, आणि इटलीच्या मोहिमेतल्या ज्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी सापडत नाहीत अशा ४,००० हून अधिक जणांची नावे कासिनोच्या स्मारकावर कोरलेली आहेत. हे स्मारक गावाबाहेरच्या युद्ध स्मशानभूमीच्या आतच आहे. मध्ये पाण्याचा लांब आयताकृती हौद आणि दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंच फलक अशी त्याची रचना आहे. फील्ड मार्शल अलेक्झांडर यांनी १९५६ च्या सप्टेंबरात त्याचे अनावरण केले.

फलकांवर नावे रेजिमेंटप्रमाणे आणि हुद्द्यांप्रमाणे लावलेली आहेत. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री हे शीर्षक सापडले तेव्हा ऊन चढले होते आणि हिरव्या दगडावरची अक्षरे वाचायला डोळे बारीक करावे लागत होते. मी वरून खाली एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. जाधव, मोरे, पवार, शिंदे, सावंत अशी आपल्या हजेरीपटावरची आडनावे परक्या लिपीत, परक्या वळणाने लिहिलेली होती, आणि तरी उच्चारली की लगेच कोकणातली आणि घाटावरची होत होती. घाडगे यांच्या नावाशी व्हिक्टोरिया क्रॉसची अक्षरे आहेत. त्यांच्या मागेपुढे असलेल्या नावांना तसे काही नाही. त्यांच्या सेक्शनमधले कोणी या यादीत असेल का, हे फलक पाहून कळण्याचा मार्ग नाही. फलकावर तारखा नसतात. तारखा नोंदवह्यांत असतात. त्यासाठी मी जुलै १९४४ या महिन्यावर लक्ष ठेवायचे ठरवून वही घेतली होती. भाच्याने फलकांची छायाचित्रे काढली आणि मी नावे हाताने उतरवून घेतली. छायाचित्र पुरे झाले असते असे तो म्हणाला, पण हाताने लिहिताना प्रत्येक नावावर थांबावे लागते आणि मला ते थांबणे हवे होते.

स्मशानभूमीत चार हजारांहून अधिक कबरी आहेत. भारतीय सैनिकांच्या कबरींवर ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे मजकूर आहे. हिंदू जवानांच्या दगडावर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ असे कोरलेले दिसते, मुसलमान जवानांच्या दगडावर अरबी लिपीतला मजकूर आणि शिखांच्या दगडावर गुरुमुखी. हिरवळ कातरलेली, गुलाबांची छाटणी वेळेवर झालेली, एकही दगड कलंडलेला नाही. इतक्या दूरच्या आणि इतक्या जुन्या मृतांची ही निगा पाहून मला कृतज्ञता वाटली, आणि आपल्याकडच्या कितीतरी वीरगळांची आठवण होऊन वाईटही वाटले.

संध्याकाळी कायरा या जवळच्या खेड्यातल्या जर्मन स्मशानभूमीत गेलो. तिथे २० हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत. ही भेट माझ्या मूळ बेतात नव्हती. पण सन्मानपत्रात घाडगे यांच्या हातून मेलेल्या माणसांचाही उल्लेख आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटले नाही. एकेका क्रुसावर अनेकांची नावे आहेत, आणि जन्मवर्षे पाहिली तर १९२०, १९२३, १९२५.

मंगळवार : उम्बेर्तिदे

दिवसाचा बराच भाग प्रवासात गेला. कासिनोहून पुन्हा उत्तरेला, रोमला वळसा घालून उंब्रिया प्रांतात शिरलो आणि पेरुजा मागे टाकून टायबरच्या काठाने वर चढू लागलो. रोममध्ये दगडी बांधांमधून वाहणारी ही नदी इथे साधी, झाडांत लपलेली, काही ठिकाणी पायी ओलांडता येईल इतकी उथळ आहे. खोऱ्याचा तळ सपाट. त्यात तंबाखूची, मक्याची आणि सूर्यफुलांची शेते. दोन्ही अंगांना मात्र एकामागून एक डोंगररांगा, त्यांवर ओकची दाट झाडी आणि अधूनमधून दगडी घरांचा पुंजका.

हा भूगोल पाहिला की १९४४ च्या उन्हाळ्यातली लढाई समजू लागते. रोम ४ जूनला पडले, पेरुजा २० जूनला. जर्मन सैन्य माघार घेत होते. पण ते पळत नव्हते. उत्तरेला आपेनाइन पर्वतात त्यांची ‘गॉथिक लाइन’ नावाची संरक्षणफळी बांधून व्हायची होती आणि तेवढा वेळ मिळवण्यासाठी ते प्रत्येक रांगेवर थांबून लढत होते. खोऱ्यातल्या सपाट रस्त्याने पुढे जाणारा वरून टिपला जाणार, म्हणून रांगा घेतल्याशिवाय खोरे घेता येत नाही. आणि रांगा घ्यायच्या तर रणगाडे, मोटारी खाली ठेवून पायदळाने चढायचे. दारूगोळा आणि पाणी खेचरांवरून वर न्यायचे. जूनच्या अखेरीला आठव्या भारतीय डिव्हिजनची जागा दहाव्या भारतीय डिव्हिजनने घेतली आणि हे काम तिच्याकडे आले. तिसरी मराठा बटालियन या डिव्हिजनमध्ये होती.

या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल डेनिस रीड यांच्याविषयी इथे सांगितले पाहिजे. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत हीच तिसरी मराठा बटालियन त्यांच्या हाताखाली लढली होती. पुढे १९४२ च्या जूनमध्ये इजिप्तमध्ये ते शत्रूच्या हाती सापडले, इटलीत युद्धकैदी झाले, तिथून निसटले आणि १९४४ मध्ये दहाव्या डिव्हिजनचे सेनापती म्हणून त्याच देशात लढायला उभे राहिले. केरेनचे कडे चढलेली आपली जुनी पलटण टायबरच्या रांगांवर चढताना ते पाहत होते. घाडगे यांच्या बटालियनच्या पाठीशी केवढा डोंगरी लढायांचा अनुभव होता, हे त्यावरून कळते. आणि तरीही त्या रांगांवर माणसे कशी धारातीर्थी पडली, हेही.

उम्बेर्तिदे हे खोऱ्यातले नदीकाठचे गाव ५ जुलै १९४४ च्या सुमारास मुक्त झाले. त्याआधी २५ एप्रिल रोजी नदीवरचा पूल पाडण्यासाठी आलेल्या दोस्त विमानांचे बॉम्ब पुलाऐवजी वस्तीवर पडले आणि सुमारे ७० नागरिक गेले. त्या पडलेल्या घरांच्या जागी आता मोकळा चौक आहे, आणि त्या तारखेचेच नाव त्याला दिले आहे. ज्यांच्या बॉम्बनी हे घडले त्यांचेच पायदळ दोन-अडीच महिन्यांनी मुक्तिदाते म्हणून गावात शिरले. या लोकांनी ते स्वागत कोणत्या मनाने केले असेल, याचा विचार मी त्या चौकात बसून पुष्कळ वेळ केला. मोन्तोनेत पुढे जे पाहिले त्याचे मोल मला यामुळे अधिक वाटते.

बुधवार : मोन्तोने

उम्बेर्तिदेहून थोडे उत्तरेला गेले की उजवीकडे मोन्तोनेचा फाटा लागतो. गाव टेकडीच्या माथ्यावर, तटाच्या आत आहे. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध भाडोत्री सेनापती ब्राच्चो दा मोन्तोने इथलाच, त्यामुळे गावाला लढवय्यांचे अप्रूप जुने आहे. गाडी वेशीबाहेर ठेवून दगडी चढणीने आत गेलो. सकाळचे नऊ वाजले होते आणि तेव्हाच उन्हाचा चटका बसत होता.

नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाचे इथले स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. मोन्तोनेची नगरपालिका आणि इटालियन लष्करी इतिहासाचे अभ्यासक यांनी मिळून ते उभारले आणि जुलै २०२३ मध्ये त्याचे अनावरण झाले. भारतीय सैन्याचा फलकही तिथे लावलेला आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारताचे संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांनी इथे येऊन आदरांजली वाहिली. स्मारकाचे ब्रीद लॅटिनमध्ये आहे, ‘ओम्नेस सुब एओदेम सोले’. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, असा त्याचा आशय. सरकारी पातळीवर दोन देशांनी संयुक्तपणे उभारलेली स्मारके असतात, त्यांना मान असतोच. पण एका लहानशा डोंगरी गावाने, ज्याचे नाव उच्चारणेही त्यांना अवघड जावे अशा कोकणातल्या एका शिपायाची आठवण ठेवावी, यामागे मोठी दानत आहे. माणगावहून आणलेली शेवंतीची वाळलेली फुले आणि लाल मातीची पुडी मी तिथे ठेवली. भाच्याने चपला काढल्या, मीही काढल्या. दगड तापलेले होते.

मग मी वही उघडली आणि सन्मानपत्राचा मी केलेला मराठी अनुवाद भाच्याला वाचून दाखवला. नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात हा मजकूर प्रसिद्ध झाला. त्यात कुठेही अलंकार नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. नाईक घाडगे यांच्या रायफल सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा जबर मारा सुरू झाला आणि सेक्शनप्रमुख सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. आपल्यासोबत यायला कोणी उरलेले नाही हे पुरते जाणून, क्षणभरही न थांबता, घाडगे यांनी त्या मशीनगनवर झेप घेतली. आधी हातबॉम्ब फेकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला. त्यानंतर टॉमी गन या हलक्या स्वयंचलित बंदुकीने तोफखान्यातल्या आणखी एकाला टिपले. मग मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

वाचून झाल्यावर भाच्याने मला दुरुस्त केले, आणि त्याचे म्हणणे बरोबर होते. “मावशी, इथे तोफखाना नाही म्हणता येणार. मशीनगनवर नेमलेली ती चार माणसे.” मी वहीत ‘मशीनगनच्या तुकडीतल्या’ असे लिहिले. चार माणसांची तुकडी आणि एकटे घाडगे, एवढाच तो सामना होता.

या मजकुरातले दोन मुद्दे मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला, ‘कोणी उरलेले नाही हे जाणून’. त्वेषात माणूस मागे वळून पाहत नाही, असे आपण समजतो. घाडगे यांनी पाहिले होते. मागे आपली माणसे पडली आहेत, त्यांतली काही अजून जिवंत आहेत, आणि ती मशीनगन बंद पडली नाही तर जखमींपैकी एकही उचलला जाणार नाही, हे त्या जागी उभ्या असलेल्या सेक्शनप्रमुखाला कळत असणारच. दुसरा मुद्दा मॅगझिनचा. रिकामे मॅगझिन काढून भरलेले चढवायला सरावलेल्या हाताला काही क्षण लागतात. ते क्षण समोरच्या दोघांना पुरले असते. हा हिशेब त्यांनी केला आणि हातात होते तेच शस्त्र उलटे धरले. बॉम्ब, गोळी, दस्ता हा क्रमच सांगतो की शेवटपर्यंत त्यांची बुद्धी शांतपणे काम करत होती. शाहिरी वर्णनांत वीर नेहमी बेभान असतो. मला घाडगे यांचे भान अधिक थोर वाटते.

मरणोत्तर सन्मानाची प्रथाही फार जुनी नाही, हे इथे नोंदवून ठेवते. १८५६ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला तेव्हा तो मृताला देण्याची तरतूद नव्हती. बोअर युद्धानंतर, १९०२ मध्ये, मृतांच्या वारसांना तो प्रथम दिला गेला, आणि १९२० च्या सनदेत तशी स्पष्ट तरतूद झाली. हिंदी शिपाई या पदकाला पात्र ठरले तेच मुळी १९११ साली. म्हणजे या उतारावरचे हेच शौर्य आणखी अर्ध्या शतकापूर्वी घडले असते, तर घाडगे हे दोन्ही कारणांनी वगळले गेले असते.

दुपारी तटाच्या एका बाजूला उभे राहून समोरच्या रांगा न्याहाळल्या. नेमके ठाणे कोणते, हे दाखवणारी खूण तिथे नाही, आणि मीही एखाद्या टेकडीकडे बोट दाखवून ‘हीच ती’ असे म्हणणार नाही. पण उताराचा स्वभाव दिसतो. खालून चढणाऱ्याला आधी उघडी शेते लागतात, मग बांध, मग झाडी, आणि झाडीच्या कडेला बसलेल्याला खालचा प्रत्येक माणूस स्वच्छ दिसतो. आम्ही एका पायवाटेने वर गेलो. हातात फक्त पाण्याची बाटली असतानाही अर्ध्या चढणीवर मला थांबावे लागले. टॉमी गन, दारूगोळा, हातबॉम्ब, पाण्याचा बुधला घेऊन, वरून गोळ्या येत असताना, बावीस वर्षांचा एक तरुण आपल्या सेक्शनला घेऊन अशाच चढणीवरून धावला. कोकणातल्या घाटवाटा चढलेले पाय होते ते.

संध्याकाळी चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसलो. आम्ही भारतातून आणि घाडगे यांच्याच भागातून आलो आहोत, हे कळल्यावर दुकानदाराने स्वतः येऊन खुर्ची ओढली. त्याची आजी त्या उन्हाळ्यात लहान मुलगी होती. सारे कुटुंब तळघरात लपून होते, आणि एका सकाळी तोफा थांबल्यावर बाहेर आले तर अंगणात खेचरे बांधलेली आणि सावळे शिपाई चुलीवर कणकेच्या पातळ पोळ्या भाजत बसलेले. त्यांनी मुलांना त्या गरम पोळ्या दिल्या, हे ती मरेपर्यंत सांगत असे. ते शिपाई मराठे होते, गुरखे होते की पंजाबी, हे सांगता येणार नाही. कॉफीचे पैसे त्याने घेतले नाहीत.

गुरुवार : आरेत्सो

मोन्तोनेहून निघून चित्ता दि कास्तेल्लो ओलांडले. खोऱ्यातले हे मोठे गाव जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास दोस्तांच्या हाती आले. उम्बेर्तिदेपासून इथवरचे अंतर मोटारीने अर्ध्या तासाचे आहे. दहाव्या डिव्हिजनला त्यासाठी दोन आठवड्यांहून अधिक काळ लढावे लागले, आणि १० जुलै त्याच काळात येते. पुढे घाटरस्त्याने आरेत्सोला पोहोचलो.

आरेत्सोच्या युद्ध स्मशानभूमीत १,२०० हून अधिक कबरी आहेत. मला मात्र तिथल्या भारतीय जवानांच्या नोंदी पाहायच्या होत्या. इटलीत आपल्या जवानांसाठी तीन दहनस्मारकेही आहेत, रिमिनी, फोर्ली आणि सांग्रो नदीकाठी. ज्या हिंदू आणि शीख जवानांवर त्यांच्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले, त्यांना कबर नाही, म्हणून त्यांची नावे या स्मारकांवर कोरलेली आहेत. रणधुमाळीतही कोणीतरी लाकडे गोळा केली, चिता रचली आणि नोंद ठेवली. ज्यांच्या बाबतीत तेवढेही शक्य झाले नाही, ती नावे कासिनोला गेली. घाडगे यांचे नाव त्यांत आहे. त्यांच्या सेक्शनमधला एखादा जवान त्याच दिवशी किंवा दोन दिवसांनी जखमांनी गेला असेल, तर त्याचे नाव या स्मारकांवरही असू शकते.

नोंदवहीत सैनिकाचे नाव, हुद्दा, बटालियन, मृत्यूची तारीख आणि पुष्कळ ठिकाणी वडिलांचे किंवा पत्नीचे नाव व गाव दिलेले असते. गावांची स्पेलिंगे वाटेल तशी आहेत, कारण ती कानाने ऐकून लिहिली गेली. जिल्हे मात्र ओळखू येतात, कोलाबा, रत्नागिरी, सातारा, बेळगाव. भाचा एका झाडाच्या सावलीत संगणक घेऊन बसला आणि मी वहीतली नावे सांगत गेले. तिसरी बटालियन आणि जुलै १९४४ या दोन चाळण्यांतून गाळत गेल्यावर यादी लहान होत गेली. १० जुलै ही तारीख असलेल्या नावांखाली मी लाल रेघ ओढली. ते सगळे घाडगे यांच्या सेक्शनमधलेच असतील असे मुळीच नाही, कारण त्या दिवशी सगळी कंपनी लढत होती. पण ते त्याच दिवशी, त्याच पलटणीत पडले, एवढे निश्चित आहे, आणि त्यांच्यातल्या कोणाला पदक नाही, स्मारक नाही.

नामदेव जाधव यांचे मला या यादीपाशी स्मरण झाले. अहमदनगर जिल्ह्यातला हा शिपाई पहिल्या मराठा बटालियनमध्ये होता. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळ्यांच्या माऱ्यातून पाणी ओलांडून मागे आणले, मग एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्यांना बोलावले. ते जगले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि १९८४ पर्यंत ते आपल्यात होते. आपल्याबरोबर कोण होते, कोण पडले, हे ते स्वतः सांगू शकत होते. घाडगे यांच्या बाजूने सांगणारे त्या ठाण्यात कोणी उरले नाही; जे जखमी वाचले असतील ते आपापल्या वाडीत परतले, शेतीला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. त्यांनी घरात काही सांगितले असेल तर ते नातवंडांना ठाऊक असण्याची शक्यता आहे.

लाल रेघ ओढलेल्या नावांपैकी ज्यांची गावे मला वाचता आली, ती मी जिल्हावार लावली आहेत. कोलाबा आणि रत्नागिरीतली गावे मी स्वतः पाहणार आहे. साताऱ्याकडच्या गावांसाठी माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी वेळ देण्याचे कबूल केले आहे. ग्रामपंचायतीत आणि शाळेत आधी पत्र पाठवायचे, मग घर शोधायचे, आणि घरात कोणी भेटले तर कासिनो किंवा आरेत्सो इथल्या त्या नावाचे छायाचित्र त्यांच्या हाती द्यायचे, असे ठरले आहे. छायाचित्रे छापून तयार आहेत. भातकापणी उरकली की निघायचे आहे.